वऱ्हाडातील इंग्रजीचे अध्ययन-संशोधन : किंग एडवर्ड कॉलेज ते विद्यापीठ

अमरावतीचे किंग एडवर्ड कॉलेज १९२३ साली सुरू झाले. त्याच वर्षी ४ ऑगस्टला नागपूर विद्यापीठाची स्थापना झाली. बी.ए.ला शेक्सपिअर आणि वर्ड्‌स्वर्थ वाचण्यासाठी वऱ्हाडच्या मुलाला आता नागपूर, पुणे किंवा मुंबई गाठण्याची गरज उरली नाही. पुढे या कॉलेजचे विदर्भ महाविद्यालय झाले. आज ते शासकीय विदर्भ ज्ञान विज्ञान संस्था म्हणून ओळखले जाते. त्याच्या शताब्दीच्या निमित्ताने इंग्रजी विषयाची वाटचाल लिहायला घेतली, तर ती एका विभागात मावत नाही. अकोल्याची शाळा, शिवाजी आणि सीताबाई महाविद्यालये, १९८३ नंतरचे अमरावती विद्यापीठ आणि तालुक्याच्या गावी शिकवणारे शेकडो प्राध्यापक अशा सगळ्यांनी मिळून ही वाट तयार केली. म्हणून हा लेख एका विभागापुरता न ठेवता वऱ्हाडापुरता ठेवला आहे.

पूर्वपीठिका : १८७० ते १९२०

१८५३ च्या तहाने वऱ्हाड निजामाकडून कंपनी सरकारच्या कारभाराखाली आले. कापसाचा व्यापार वाढला, रेल्वे आली, कचेऱ्या आणि न्यायालये आली, त्यांच्यामागून हायस्कुले आली. इंग्रजी इथे आली ती आधी नोकरी आणि वकिलीची भाषा म्हणून. पण अकोल्यात फार लवकर काही वेगळे घडले.

अकोल्याच्या हायस्कुलात विष्णु मोरेश्वर महाजनी शिकवीत. १८७९ मध्ये त्यांनी शेक्सपिअरच्या ‘सिंबेलिन’वरून ‘तारा’ हे नाटक लिहिले. त्यानंतर ‘द विंटर्स टेल’वरून ‘मोहविलसित’ आणि ‘ऑल्स वेल दॅट एण्ड्स वेल’वरून ‘वल्लभानुनय’ लिहिले. ही तीन नाटके शेक्सपिअरच्या सर्वाधिक गाजलेल्या नाटकांपैकी नव्हेत. रूढ नावे बाजूला ठेवून महाजनींनी हीच निवडली, यावरून त्यांच्या वाचनाचा आवाका कळतो. पुढे ते वऱ्हाडच्या शिक्षणखात्यात वरिष्ठ पदावर गेले आणि १९०७ साली पुण्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले.

याच महाजनींच्या हाताखाली गोपाळ गणेश आगरकर शिकले. अत्यंत गरिबीत, नातेवाइकांच्या आधाराने त्यांनी अकोल्यात शिक्षण घेतले. १८७५ मध्ये मॅट्रिक झाले आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेले. ‘हॅम्लेट’चे त्यांनी केलेले ‘विकारविलसित’ १८८३ साली प्रसिद्ध झाले. त्यातला काही भाग त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात लिहिला होता. शाहूनगरवासी नाटक मंडळीच्या रंगभूमीवर गणपतराव जोशींचा हॅम्लेट गाजला तो याच भाषांतराच्या आधाराने. गुरू आणि शिष्य दोघांनीही शेक्सपिअर मराठीत आणावा आणि त्या शिकवणुकीचे गाव अकोला असावे, हा योगायोग आहे असे आम्हांला वाटत नाही. मूळ संहिता बारकाईने वाचायची, तिचा अर्थ लावायचा, तिला आपल्या भाषेत उभे करायचे आणि प्रस्तावनेत आपल्या वाचनाची बाजू मांडायची, हे काम आजच्या कोणत्याही प्रबंधाइतकेच कष्टाचे होते. वऱ्हाडात विद्यापीठ नव्हते, संशोधनाची पदवी नव्हती, गाइड नव्हता. तरीही वऱ्हाडातल्या इंग्रजी संशोधनाची सुरुवात इथूनच मोजायला हवी.

अमरावतीत इंग्रजी वेगळ्या अंगाने रुजली. दादासाहेब खापर्डे, आर. एन. मुधोळकर, मोरोपंत जोशी या वकील मंडळींचे सार्वजनिक जीवन इंग्रजीत चालत असे. १८९७ चे काँग्रेस अधिवेशन अमरावतीला झाले, त्याचा कारभारही इंग्रजीतच. खापर्डे वर्षानुवर्षे इंग्रजीत रोजनिशी लिहीत. तिचे अनेक खंड आज दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. शिर्डीच्या मुक्कामातली त्यांची पाने भाविक वाचतात. पण वऱ्हाडातल्या एका माणसाने घडवलेले इंग्रजी गद्य म्हणून या रोजनिशीकडे अभ्यासकांनी अजून पुरेसे लक्ष दिलेले नाही.

याच काळात वऱ्हाडच्या भाषाही इंग्रजी ग्रंथांतून नोंदल्या जाऊ लागल्या. जॉन ड्रेक यांचे कोरकू भाषेचे व्याकरण १९०३ मध्ये कलकत्त्यात छापले गेले. ग्रिअर्सनच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाचा मराठीवरचा सातवा खंड १९०५ मध्ये आला. त्यात वऱ्हाडी बोलीचे नमुने आहेत.

१९२३ ते १९४० : कॉलेजची पहिली वर्षे

नव्या कॉलेजात इंग्रजी हा विषय होता आणि माध्यमही. इतिहास, तर्कशास्त्र, अर्थशास्त्र सगळे इंग्रजीतून चाले, त्यामुळे इंग्रजीच्या प्राध्यापकाकडे साऱ्या कॉलेजच्या भाषेची जबाबदारी असे. खेड्यातून आलेल्या, घरी वऱ्हाडी बोलणाऱ्या मुलांना चार ओळींचे निवेदन नीट लिहिता यावे इथपासून मिल्टनपर्यंतचा पल्ला त्याच वर्गात गाठायचा होता. या पिढीतल्या प्राध्यापकांनी प्रबंध लिहिले नाहीत. त्यांनी वर्ग घडवले, ग्रंथालयाची पहिली कपाटे भरली आणि वादविवाद मंडळे चालवली. पुढच्या संशोधनाचा पाया या कामाने घातला, आणि यातल्या बहुतेकांची नावे आज फक्त जुन्या हजेरीपटांत सापडतील.

अमरावतीचीच एक मुलगी या काळात इंग्रजीच्या अभ्यासात फार पुढे गेली. १९०४ साली इथे जन्मलेल्या कुसुमावती जयवंत नागपूर विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या, लंडनच्या वेस्टफिल्ड कॉलेजात इंग्रजी साहित्य शिकल्या आणि १९३१ पासून दोन तपांहून अधिक काळ नागपूरला इंग्रजीच्या प्राध्यापक होत्या. मूर्तिजापूरचे कवी अनिल यांच्याशी विवाह झाल्यावर त्या कुसुमावती देशपांडे झाल्या. इंग्रजी समीक्षेची शिस्त त्यांनी मराठी कादंबरीच्या अभ्यासाला लावली. ‘मराठी कादंबरी : पहिले शतक’ आणि ‘पासंग’ ही पुस्तके आजही वाचावी लागतात, कारण त्यांत परक्या सिद्धान्तांची उसनवारी नाही. आधी कलाकृती नीट वाचायची आणि मग बोलायचे, ही त्यांची रीत. १९६१ च्या ग्वाल्हेर साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्ष झाल्या. संमेलनाच्या त्या पहिल्या महिला अध्यक्ष होत.

डॉ. पंजाबराव देशमुखांचा उल्लेखही इथेच करायला हवा. पापळच्या या शेतकऱ्याच्या मुलाने वैदिक वाङ्मयातील धर्माचा उगम आणि विकास या विषयावर ऑक्सफर्डची डी.फिल. मिळवली. तो प्रबंध १९३३ साली ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने प्रसिद्ध केला. विषय संस्कृतचा असला तरी इंग्रजीत लिहिलेले काटेकोर संशोधन कसे असते याचा नमुना वऱ्हाडच्या तरुणांपुढे आला. त्याच सुमारास, १९३२ मध्ये, त्यांनी श्री शिवाजी शिक्षण संस्था स्थापन केली. बहुजन समाजातले इंग्रजीचे अनेक प्राध्यापक पुढे याच संस्थेच्या वर्गांतून तयार झाले.

चाळीस आणि पन्नासची दशके : माध्यम बदलले

अकोल्यात सीताबाई कला महाविद्यालय, अमरावतीत १९४६ साली श्री शिवाजी महाविद्यालय, अकोल्यात १९५४ साली शिवाजी महाविद्यालय अशी उच्च शिक्षणाची केंद्रे वाढत गेली. खामगाव, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम इथेही महाविद्यालये निघाली.

स्वातंत्र्याच्या सुमारास नागपूर विद्यापीठाने मातृभाषेतून शिक्षणाचा निर्णय घेतला. देशात हे पाऊल लवकर उचलणाऱ्या विद्यापीठांत त्याची गणना होते. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. या उलथापालथीत इंग्रजी माध्यम राहिली नाही, एक आवश्यक विषय झाली. काहींना ही इंग्रजीची पीछेहाट वाटली. आम्हांला तसे वाटत नाही. माध्यमाचे ओझे उतरल्यावरच इंग्रजीच्या प्राध्यापकाला ‘आपल्या विद्यार्थ्याला ही भाषा नेमकी कशी येते आणि कुठे अडते?’ हा प्रश्न विचारायला उसंत मिळाली. भाषाशिक्षणावरचे इथले पुढचे सारे संशोधन याच प्रश्नातून निघाले.

रा. भा. पाटणकर खामगावचे. १९२७ सालचा त्यांचा जन्म. पेशाने इंग्रजीचे प्राध्यापक असलेले पाटणकर पुढे मुंबई विद्यापीठाच्या इंग्रजी विभागाचे प्रमुख झाले. कान्टपासून आधुनिक विश्लेषक तत्त्वज्ञांपर्यंतचा पैस असलेली त्यांची ‘सौंदर्यमीमांसा’ १९७४ मध्ये आली आणि पुढच्याच वर्षी साहित्य अकादमी पुरस्काराची मानकरी ठरली. महाजनी, आगरकर, कुसुमावती आणि पाटणकर यांची नावे ओळीने वाचली की एक गोष्ट डोळ्यांत भरते. वऱ्हाडातून निघालेल्या इंग्रजीच्या मोठ्या अभ्यासकांनी आपले उत्तम काम मराठीत केले.

साठ आणि सत्तरची दशके : हैदराबादची वाट

या दोन दशकांत इंग्रजीतल्या पीएच.डी.चा विचार महाविद्यालयीन प्राध्यापकाच्या आवाक्यात आला, पण साधने नव्हती. अमरावती किंवा अकोल्याच्या ग्रंथालयात मूळ कादंबऱ्या मिळत. त्यांच्यावरची समीक्षा आणि परदेशी नियतकालिके मिळत नसत. ही उणीव हैदराबादने भरून काढली. १९५८ साली तिथे सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ इंग्लिश निघाली, तीच आजची इंग्लिश अँड फॉरेन लँग्वेजेस युनिव्हर्सिटी (इफ्लू). १९६४ साली उस्मानिया विद्यापीठाच्या आवारात अमेरिकन स्टडीज रिसर्च सेंटर सुरू झाले. अमेरिकन साहित्यावरच्या पुस्तकांचा एवढा मोठा साठा देशात दुसरीकडे नव्हता. हॉथॉर्न, हेमिंग्वे, फॉकनर, ओ’नील यांच्यावर त्या काळी इतके प्रबंध का झाले, याचे साधे उत्तर या ग्रंथालयात आहे. पुस्तके जिथे मिळतात तिथे विषयही मिळतात.

अकोल्याचे प्राध्यापक पूर्णा मार्गे जाणाऱ्या मीटरगेज गाडीने निघत. दिवाळीची किंवा उन्हाळ्याची सुटी गाठून जायचे, वसतिगृहात खोली घ्यायची, दिवसभर कार्डांवर टिपणे काढायची आणि ती कार्डे पिशवीत बांधून परतायचे. मग घरी, पोरांच्या परीक्षा आणि शेतीची कामे सांभाळून प्रकरणे लिहायची. प्रबंध टाइपरायटरवर कार्बन घालून टंकलिखित होत असे. पाचवी प्रत फिकट यायची. एका पानावर तीन चुका निघाल्या तर ते पान पुन्हा टाइप करावे लागे. इंग्रजीचे शुद्धलेखन सांभाळणारे टंकलेखक अमरावतीत आणि अकोल्यात मोजके होते. एखाद्याने दिलेली तारीख हुकली की प्रबंध सादर करणे पुढच्या सत्रावर जात असे. काळ्या रेक्झिनच्या बांधणीवर सोनेरी अक्षरे चढली की ते बाड घेऊन नागपूरला जायचे. अमरावतीहून नागपूर दीडशे किलोमीटरच्या आसपास. बुलढाण्याच्या माणसाला त्याच्या दुपटीहून जास्त प्रवास पडे. प्रबंधाच्या ऋणनिर्देशात गाइडनंतर ज्यांचे नाव यायचे त्या टंकलेखकांना, ग्रंथपालांना आणि बांधणीकारांना या इतिहासात मानाचे स्थान आहे.

विषयांची दिशाही याच वेळी वळली. के. आर. श्रीनिवास अय्यंगार यांचा भारतीय इंग्रजी लेखनावरचा ग्रंथ १९६२ साली आला. मुल्कराज आनंद, राजा राव आणि आर. के. नारायण हे संशोधनाचे प्रतिष्ठित विषय झाले. खेडे, जात, दुष्काळ, सावकार हे ज्यांनी घरात पाहिले होते त्यांना हे लेखक जवळचे वाटले, यात नवल नाही.

ऐंशीचे दशक : आपले विद्यापीठ

१ मे १९८३ रोजी अमरावती विद्यापीठ स्थापन झाले. अमरावती, अकोला, यवतमाळ आणि बुलढाणा हे चार जिल्हे त्याच्या कक्षेत आले. १९९८ साली अकोल्यातून वाशीम वेगळा झाल्यावर ते पाच झाले. डॉ. के. जी. देशमुख हे पहिले कुलगुरू. इंग्रजीच्या अभ्यास मंडळापुढे कोऱ्या कागदावरून सुरुवात करण्याचे काम होते. अभ्यासक्रम, परीक्षा, मार्गदर्शकांची मान्यता, संशोधन समितीचे नियम सगळे नव्याने बसवायचे होते. ब्रिटिश साहित्य किती ठेवावे, भारतीय किती घ्यावे, भाषाशास्त्राला किती जागा द्यावी यावर मतभिन्नता होती आणि ती जोरकसपणे मांडलीही गेली. त्यातून जो आराखडा निघाला तो सर्वांनी मनापासून राबवला, हे महत्त्वाचे. सिनॉप्सिस अमरावतीत सादर होऊ लागला, व्हायवा अमरावतीत होऊ लागला. दर्यापूर, अकोट, चांदूरबाजार, दारव्हा अशा ठिकाणी शिकवणाऱ्या प्राध्यापकाला पीएच.डी. करणे प्रथमच घरापासून एका दिवसाच्या अंतरावर आले.

विद्यापीठ स्थिरावत असताना, १९८४ मध्ये, ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने ॲन फेल्डहाऊस या अमेरिकन विदुषीचे एक पुस्तक काढले. महानुभाव पंथातील गोविंदप्रभूंच्या लीळांचा, म्हणजे अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपुरात घडलेल्या तेराव्या शतकातल्या प्रसंगांचा तो इंग्रजी अनुवाद आहे. त्यामागे बुलढाणा जिल्ह्यातले डॉ. वि. भि. कोलते यांनी महानुभाव ग्रंथांच्या संपादनात घातलेले आयुष्य होते. फेल्डहाऊस बाई मराठी शिकल्या, हस्तलिखितांपर्यंत पोचल्या, पुढे शं. गो. तुळपुळे यांच्याबरोबर त्यांनी प्राचीन मराठीचा शब्दकोश तयार केला. आपण हेमिंग्वेसाठी हैदराबादला जात होतो त्याच वर्षांत एक अमेरिकन विदुषी रिद्धपूरकडे पाहत होती. इंग्रजीच्या आपल्या संशोधकांना यातून दिशा मिळायला थोडा वेळ लागला, पण ती मिळाली.

नव्वदचे दशक : दालने उघडली

नेट आणि सेट परीक्षा आल्या, नॅक आले, अध्यापकांना प्रबंधासाठी रजा आणि शिष्यवृत्ती देणाऱ्या योजनांचा लाभ ग्रामीण महाविद्यालयांपर्यंत पोचला. संख्या वाढली. तिच्यापेक्षा महत्त्वाचे म्हणजे संशोधक बदलले. घरात पहिल्यांदाच पदवी मिळवणारे, आंबेडकरी चळवळीतून आलेले, शेतकरी कुटुंबातले तरुण आणि मोठ्या प्रमाणावर महिला या विषयात आल्या.

अर्जुन डांगळे यांनी संपादित केलेले दलित साहित्याचे इंग्रजी संकलन १९९२ साली आले. पुढच्या दशकात शरणकुमार लिंबाळे, बेबी कांबळे आणि ऊर्मिला पवार यांची पुस्तके इंग्रजीत पोचली. आफ्रिकन-अमेरिकन आत्मकथने आणि मराठी दलित आत्मकथने यांचा तौलनिक अभ्यास हा इथे आवडीचा विषय ठरला. तो केवळ प्रचलित होता म्हणून निवडला गेला असे म्हणणे अन्यायाचे होईल. निवडणाऱ्यांपैकी अनेकांना दोन्ही बाजू वाचताना आपल्या घरचा इतिहास दिसत होता. शेजारच्या खानदेशातले, इंग्रजीचेच प्राध्यापक असलेले भालचंद्र नेमाडे यांचा इंग्रजीच्या मराठीवरील प्रभावाचा ग्रंथ १९९० मध्ये प्रसिद्ध झाला. दोन भाषांच्या सीमेवर उभे राहून काम करता येते, याचे बळ त्यातून अनेकांना मिळाले.

२००० ते २०१० : पहिलीपासून इंग्रजी आणि संतांचे नाव

जून २००० पासून राज्यातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झाली. मेळघाटातल्या कोरकू मुलासाठी शाळेतली मराठीच दुसरी भाषा होती, त्यावर आता इंग्रजी आली. ग्रामीण विद्यार्थ्यांच्या चुका, वऱ्हाडी बोलीचा इंग्रजी उच्चारांवर होणारा परिणाम, शिक्षकांचे प्रशिक्षण अशा विषयांना या दशकात खरी निकड आली.

२००५ साली विद्यापीठाला संत गाडगेबाबांचे नाव मिळाले. त्याच वर्षी नागपूर विद्यापीठाला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे. दोघेही अमरावती जिल्ह्याचे, एक शेंडगावचे, दुसरे यावलीचे. शाळेची पायरी न चढलेल्या गाडगेबाबांची वऱ्हाडीतली कीर्तने लाखो लोकांनी ऐकली. १९५६ च्या नोव्हेंबरात मुंबईला वांद्रे पोलीस ठाण्यात झालेले त्यांचे कीर्तन ध्वनिमुद्रित झाले आहे. प्रश्न विचारत, उत्तर घेत, श्रोत्याला बोलते करत जाणारी त्यांची भाषा संभाषण-विश्लेषणाच्या कोणत्याही अभ्यासकाला खुणावेल. त्यांच्या नावाच्या विद्यापीठात ते काम व्हावे, ही अपेक्षा रास्त आहे.

२०१० नंतर : आजचे काम

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनी पूर्वपरीक्षा आणि कोर्सवर्क सक्तीचे केले. प्रबंध ‘शोधगंगा’ या ऑनलाइन भांडारावर चढू लागले. अकोल्यात लिहिलेला प्रबंध आता तिरुअनंतपुरमचा विद्यार्थी वाचू शकतो आणि वाङ्मयचौर्य तपासणारी प्रणाली प्रत्येक पानावरून फिरते. अध्यापकांच्या पदोन्नतीसाठी मोजल्या जाणाऱ्या एपीआयच्या गुणांनी लेखांची संख्या वाढवली. पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिकेही त्याबरोबर आली. त्या प्रवाहात वाहून न जाता वर्षाला एकच, पण नीट लेख लिहिणारे अध्यापक इथे आहेत आणि विषयाची पत त्यांनी राखली आहे. २०२२ च्या नियमांनी एम.फिल. बंद झाले. ज्यांना पूर्ण पीएच.डी.आधी संशोधनाची ओळख करून घ्यायची होती त्यांची एक पायरी त्यामुळे गेली.

२०१३ मध्ये गणेश देवी यांच्या प्रेरणेने झालेल्या भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाचा महाराष्ट्र खंड आला. देवीही इंग्रजीचेच प्राध्यापक. वऱ्हाडी आणि कोरकू पुन्हा नोंदल्या गेल्या, या वेळी इथल्याच माणसांच्या हातून. उद्धव शेळके यांची ‘धग’, सदानंद देशमुख यांची ‘बारोमास’, नामदेव कांबळे यांची ‘राघववेळ’ या वऱ्हाडच्या कादंबऱ्या इंग्रजीच्या तौलनिक अभ्यासात येत आहेत. ‘धग’ची नायिका कौतिक हिचे बोलणे कोणत्या इंग्रजीत आणायचे, हा प्रश्न एम.ए.च्या वर्गात तासभर चर्चेला पुरतो.

रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठ उभे राहत आहे. अमरावतीहून ते जवळ आहे. महानुभाव ग्रंथांचे इंग्रजी अनुवाद, खापर्डे यांच्या रोजनिशीचे संपादन, महाजनींच्या तीन नाटकांची शेक्सपिअरच्या संहितांशी तुलना आणि कोरकू मुलांच्या इंग्रजीचा दीर्घकालीन अभ्यास ही चार कामे इंग्रजीच्या विभागांनी मराठी आणि भाषाशास्त्राच्या अभ्यासकांना सोबत घेऊन हाती घ्यावीत. त्यासाठी लागणारे मार्गदर्शक आज अमरावतीत आणि अकोल्यात आहेत, विद्यार्थीही आहेत. महाजनींची नाटके तर अकोल्याच्या संशोधकाने या शैक्षणिक वर्षातच सुरू करावीत.